समेआधी

संध्याकाळचे सहा वाजले की मिरजेतल्या माझ्या खोलीत भैरव सुरू होतो. बाहेर दिवेलागण, शेजारी कुकरची शिट्टी. आणि पडद्यावर न्यू जर्सीतली माझी शिष्या सकाळचं ऊन अंगावर घेऊन बसलेली. सुरुवातीला त्या वेळी सकाळच्या भैरवाचा कोमल रिषभ लावताना चोरी केल्यासारखं वाटायचं. आता वाटत नाही. फी तिच्याकडून येते, तेव्हा घड्याळही तिचंच.

"ताई, तंबोरा ऐकूच येत नाही," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. व्हिडिओ कॉलमधली आवाज स्वच्छ करणारी सोय अखंड घुमणाऱ्या षड्जाला पंख्याची घरघर समजते आणि पुसून टाकते. ती बंद कशी करायची हे कळायला मला तीन आठवडे लागले. एकत्र गाणं मात्र अजून जमलेलं नाही. माझा ठेका तिच्यापर्यंत जाऊन तिचा सूर परत येईस्तोवर इथली सम निघून गेलेली असते. म्हणून मी गाते, थांबते. मग ती गाते.

घर चालतं ते या शिकवण्यांवर, गाण्यावर नाही. दोन वर्षांपूर्वी मारवा रेकॉर्ड केला, चाळीस मिनिटांचा. तबलजी, पेटीवाले, स्टुडिओ, सगळ्यांचे पैसे चुकते केले आणि तो नेटवर चढवला. तेव्हा कळलं, की तिथे तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं धरतात. माझ्या विलंबित एकतालाचं एक आवर्तनच पाऊण मिनिटाचं! म्हणजे मी मुखडा घेऊन एक फेरा पुरा करायच्या आत माझा हिशेब संपलेला. पुढची साडेएकोणचाळीस मिनिटं गायली काय, न गायली काय. शिवाय एका मोठ्या सेवेचा २०२४ पासूनचा नियम असा, की वर्षभरात हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला दमडी नाही. माझा मारवा २१२ वर थांबला होता.

"छोटं गा," असा सल्ला मिळतो. छोट्याचं मला वावडं नाही. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, इथल्याच दर्ग्यात विसावले आहेत. त्यांच्या काळी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात त्यांनी राग उभे केले. पण तबकडी घेणारा अख्ख्या गाण्याचे पैसे मोजून ती घरी न्यायचा. तीस सेकंदांचे कुणी मोजत नव्हतं.

परवा शिकवणी संपल्यावर शिष्येची आई पडद्यावर आली. म्हणाली, "काल गाडीत तुमचा मारवा लावला होता. घर आलं तरी द्रुत संपेपर्यंत उतरलेच नाही. रात्री परत पूर्ण ऐकला."

दोन दिवसांनी मी आकडा पाहिला. २१४.