चहा सोडून खोलीचे भाडे निघत नाही

शहरात राहून पैसे कसे वाचवावेत हे सांगणारे बहुतेक लोक चहापासून सुरुवात करतात. बाहेरचा चहा सोडा, रिक्षा सोडा, हॉटेल सोडा, रोजचा खर्च वहीत लिहा. सल्ला खोटा नाही. पण तो देणाऱ्याचा राहण्याचा प्रश्न बहुतेक वेळा आधीच सुटलेला असतो. कुणाचा काका कोथरूडला असतो, कुणाला जातीच्या ट्रस्टच्या वसतिगृहात जागा मिळते, कुणाच्या वडिलांच्या मित्राचा फ्लॅट रिकामा असतो. हिंगोली, वाशीम, परभणीच्या भीमनगरातून निघून पहाटे शिवाजीनगरला उतरणाऱ्या आपल्या पोरापोरींचा काका कोथरूडला नसतो. त्यांचा पहिला खर्च डिपॉझिटचा असतो, आणि काटकसरीची चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी.

मी पुण्यात साडेतीन वर्षे राहिले. दोन वर्षे समाजशास्त्राच्या एम.ए.साठी, पुढे दीड वर्ष नोकरीसाठी. खोली शोधताना पहिल्या घरमालकाने गाव विचारले, मग आडनाव विचारले, मग थोडे थांबून म्हणाला, "आमच्याकडे शुद्ध शाकाहारीच लागतं." मी म्हटले, खोलीवर काही शिजवणार नाही. "घरात विचारून कळवतो," म्हणाला. अजून कळवतोच आहे. दुसऱ्या दोन ठिकाणीही असेच झाले. चौथ्या ठिकाणी कॉट मिळाली, पण शेजारच्या खोलीतल्या मुलींपेक्षा महिन्याला पाचशे रुपये जास्त भाड्याने. ते मला दोन महिन्यांनी त्या मुलींकडूनच कळले. मालकीणबाईंना विचारले तर म्हणाल्या, "तुमच्याकडे पाहुणे फार येतात." तोवर माझ्याकडे एकही पाहुणा आलेला नव्हता.

आता हिशोब करू. पाचशे गुणिले बारा म्हणजे वर्षाला सहा हजार. तेव्हा विद्यापीठाच्या गेटवर चहा दहा रुपयांना होता, म्हणजे सहाशे चहा. रोज एक चहा याप्रमाणे मी वर्षभर चहा सोडला असता तरी तीन हजार सहाशे पन्नास रुपयेच वाचले असते. आडनावापायी गेलेले पैसे चहा सोडून भरून निघत नाहीत. वर्गात आम्ही स्तरीकरणाचे सिद्धांत शिकत होतो आणि रोज संध्याकाळी त्याच सिद्धांताच्या कॉटवर झोपत होतो. मी त्या पाचशे रुपयांना जातीचा कर म्हणते.

हा एकटीचा अनुभव म्हणून कुणी उडवून लावू नये. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर नाकारले जाते, आणि मिळालेच तर जाचक अटींवर मिळते, असे त्यात दिसून आले. शंभर वर्षे मागे जाऊ. 1917 साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा पारशी सरायीत दिवसाला दीड रुपया देऊन राहिले, तेही पारशी नाव लावून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. परदेशात शिकून आलेला माणूस होता, भाडे भरण्याची ऐपत होती, तरी शहरात खोली नव्हती. असल्या ठिकाणी काटकसर काय कामाची?

आपल्या भाषणांतून बाबासाहेबांच्या लंडनमधल्या उपासमारीचे फार गुणगान होते. ते अर्धपोटी राहून शिकले, म्हणून पोरांनो तुम्हीही उपाशी राहून शिका, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला हे पटत नाही. 1920 साली ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले कर्ज एवढ्यावर लंडनला परत गेले, ही नाइलाजाची गोष्ट आहे. परत आल्यावर त्यांनी समाजातल्या पोरांना कमी खायला सांगितले नाही. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. त्याआधी 1908 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह उभे केले होते. शहरात राहण्याचा खर्च हाच शिक्षणातला मोठा अडसर आहे हे या माणसांना नेमके कळले होते. त्यांनी आधी छप्पर आणि जेवण पाहिले.

आता मी काय केले ते सांगते, कारण नुसत्या विश्लेषणाने महिना निघत नाही.

पाच महिन्यांनी मी ती कॉट सोडली आणि आम्ही तिघींनी बोपोडीत एका वस्तीत खोली घेतली. दलाल नाही. मालकीण आजींनी आडनाव विचारलेच नाही, भिंतीवरचा फोटो आणि दारावरचा पंचशील झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतच होते. त्यांनी विचारले, "पोरींनो, जेवणाचं कसं करता गं?" डिपॉझिट दोन हप्त्यांत घेतले. पेठेतल्या एका कॉटच्या भाड्यात इथे निम्म्याहून जास्त खोलीचे भाडे निघत होते. गैरसोय नव्हती असे म्हणणार नाही. पाणी सकाळी ठराविक वेळेलाच यायचे, संडास चार घरांत एक, पावसाळ्यात भिंतीला ओल. पण विद्यापीठ जवळ होते. जुनी सायकल घेतली आणि बसचा खर्च जवळपास संपला. वस्तीतल्या विहारात अभ्यासिका होती, संध्याकाळी तिथे बसायचो. पेठेत अभ्यासिकेच्या खुर्चीचेही महिन्याचे भाडे द्यावे लागते. शहरात आपली माणसे कुठे आहेत याची चौकशी आपण खोली घेतल्यावर करतो, ती गाडीत बसण्याआधी करायला हवी. ताडीवाला रोड, बोपोडी, येरवडा, दापोडी ही नावे आपल्या गावात कुणा ना कुणाला माहीत असतातच.

जेवणाचे सांगायचे तर दोन्ही वेळची मेस महाग पडते आणि तिथे खाड्याचा वाद कायमचा. चार दिवस गावी गेलो तरी पैसे कापून मिळत नाहीत, कारण सलग अमुक दिवस नसाल तरच खाडा धरतात. मेस लावण्याआधी हा नियम वहीत लिहून घ्या, तोंडी नको. आम्ही दुपारी मेसचा एक डबा तिघींत दोन असा घ्यायचो आणि रात्री खोलीवर शिजवायचो. ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, तिखट, शेंगदाण्याची चटणी गावाकडून एसटीने यायची. पाच किलोचा छोटा सिलेंडर आणि एक कुकर यांच्याइतकी पैसा वसूल झालेली खरेदी मी आजवर केलेली नाही. अंडी कायम असायची, आणि बोपोडीत त्याबद्दल कुणी नाक मुरडले नाही.

आता आणखी एक सोय झाली आहे. रेशनकार्डावर नाव असेल आणि आधार जोडलेले असेल तर आपल्या वाट्याचे धान्य दुसऱ्या शहरातल्या दुकानातही उचलता येते, घरचे लोक आपला वाटा गावात उचलू शकतात. दुकानदार पहिल्यांदा "इथलं कार्ड नाही" म्हणतो. परत जायचे, दोघींनी मिळून जायचे. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर दहा रुपयांच्या थाळीला लाजू नका. जेवणात मात्र कपात करायची नाही. नाश्ता सोडून वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात हे मी इतक्या मुलींच्या बाबतीत पाहिले आहे की त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

स्वाधार योजनेबद्दलही स्पष्ट बोलू. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये ठरवलेले आहेत. त्यात भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. निवासाचे महिन्याला सोळाशे सहासष्ट होतात. एवढ्यात पेठेत कॉट मिळते का, हे अधिकाऱ्यांनी एकदा स्वतः फिरून पाहावे. बरे, ही रक्कम येते कधी? भाडे दर महिन्याला पाच तारखेला द्यावे लागते, हप्ता मात्र अनेकदा वर्ष सरत आल्यावर जमा होतो. मधले महिने मुले उधारीवर काढतात. कुणी सावकाराकडून, कुणी मोबाईलवरच्या लोन अॅपवरून घेते आणि शिष्यवृत्ती आली की ती व्याजातच जाते. उशिरा येणारा पैसा निम्माच पोचतो. म्हणून अर्ज भरून गप्प बसू नका, हप्ता लांबला की समाजकल्याण कार्यालयात गटाने जा आणि लेखी अर्जाची पोच घ्या. आणि घरमालक भाडेकरार करायला टाळाटाळ करत असेल तर ती खोली स्वस्त असली तरी महाग समजा, कारण राहण्याचा पुरावा मागितला की तुमच्याकडे दाखवायला काही नसते.

आम्ही तिघींनी खोलीत एक स्टीलचा डबा ठेवला होता. महिन्याला प्रत्येकीने दोनशे टाकायचे, जिचा हप्ता अडकला तिने त्यातून भाडे भरायचे, बिनव्याजी. दीड वर्षात एकदाही बाहेरून उसने घ्यावे लागले नाही.

हेच काम गावपातळीवर का होऊ नये? जयंतीच्या डीजेबद्दल बोलले की कार्यकर्ते चिडतात, म्हणून जयंती कमी करा असे मी म्हणतच नाही. 14 एप्रिल हा आपला सण आहे, तो दणक्यात व्हावा. फक्त मंडळाची वही उघडा, एका रात्रीच्या डीजेचा आकडा पाहा आणि तेवढ्यात किती मुलींची डिपॉझिट भरली जातात ते स्वतः मोजा. डिपॉझिटचे पैसे खर्चही होत नाहीत, खोली सोडली की परत येतात आणि पुढच्या वर्षी पुढच्या मुलीला देता येतात.

आमच्या तालुक्यात मागच्या वर्षी वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून आम्ही हे सुरू केले. चार मुलींना डिपॉझिट दिले, दोघी पुण्यात, दोघी छत्रपती संभाजीनगरला. करार मुलीच्या नावाचा, पावती मंडळाच्या नावाची. एका घरमालकाने पावतीवरचे मंडळाचे नाव वाचून पैसे परत केले, तेव्हा दुसरी खोली शोधायला आठ दिवस गेले. तोवर ती मुलगी विहारात राहिली. या मे महिन्यात एकीचे डिपॉझिट परत आले, रंगकामाचे आठशे रुपये कापून. ते आठशे आम्ही जूनच्या बैठकीत जमवले आणि पूर्ण रक्कम नर्सिंगला लागलेल्या पाचव्या मुलीला दिली.