झिलई

वस्तूला चकाकी आणण्याच्या तीन रीती आपल्याकडे पूर्वापार चालत आल्या आहेत आणि तिन्हींना मराठीत स्वतंत्र नावे आहेत: कल्हई, मुलामा आणि झिलई. पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचा पातळ थर दिला की ती कल्हई. हलक्या धातूवर सोन्याचांदीचे पाणी चढवले की तो मुलामा. या दोहोंत मूळ वस्तूवर बाहेरचे काहीतरी आणून बसवले जाते. कुंभारकामातला अर्थ क्षणभर बाजूला ठेवला, तर झिलईचे तसे नाही. घासून, घोटून वस्तूच्या अंगचेच तेज वर आणायचे, ही झिलई. पण घासायचे म्हणजे काहीतरी कमी करायचे. कल्हईने भांड्याचे वजन गुंजभर वाढत असेल. झिलईने मात्र वस्तू दर खेपेस थोडी झिजते. या चकाकीची किंमत झिजेने मोजावी लागते, हे एरवी आपल्या ध्यानात येत नाही.

माझ्या ते ध्यानात आले भेस्तानच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्या घरच्या १९७८ सालच्या प्रीमिअर पद्मिनीच्या निमित्ताने.

आपल्या मंडळींपैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना या गाडीची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्या काळी गाडी म्हणजे अँबॅसिडर किंवा फियाट. आणि नाव पद्मिनी झाले तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. तिच्या आधीच्या, पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला तर मुंबईकराने ‘डुक्कर फियाट’ असे खास मराठी नाव बहाल केले होते. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे. त्यांचे घराणे सौराष्ट्रातून येऊन महाराष्ट्रात स्थिरावलेले गुजराती जैन. तिकडून इकडे आलेल्या माणसाने घडवलेली गाडी इकडून तिकडे आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबाच्या दारी उभी राहिली, याचे आमच्या नानांना मोठे अप्रूप वाटे. आजोबा गायकवाडी अमलात नवसारी प्रांतात कारकुनीला आले आणि इथलेच झाले. नाना सुरतेस नोकरीला लागले. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस. अखेर गाडी आली ती गडद निळ्या रंगाची. रंग निवडायला मिळाला नव्हता. पण पुढे तोच आमच्या घराचा रंग ठरला.

पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या बातमीनंतरच धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला. “दादा, आता तरी गाडीला नवा रंग देऊ या. खर्च मी करतो. पार पत्र्यापर्यंत खरवडून काढायचं आणि नवा चकचकीत मेटॅलिक रंग मारायचा.” त्याच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि वरातीला आजोबांची गाडी हवी, अशी नवरदेवाची हौस होती. गाडीचा रंग खरोखरीच उडाला होता. टपावर आणि बॉनेटवर तो निळा म्हणावा की राखाडी, असा प्रश्न पडे. बोट फिरवले की बोटाला खडूसारखी भुकटी लागे.

भेस्तान हे सुरत-मुंबई मार्गावरचे, उधन्यानंतरचे स्टेशन. एकीकडे पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांची धुराडी, पुढे सचिनची औद्योगिक वसाहत. उधन्याला खानदेशातून येणारा ताप्ती व्हॅलीचा फाटा मिळतो आणि त्या वाटेने आलेली हजारो मराठी कुटुंबे या पट्ट्यात राहतात. ज्याच्याकडे मी गाडी नेली, तो रंगारीही त्यांतलाच. काही वर्षे तो पांडेसऱ्याच्या एका गिरणीत कापड रंगवण्याच्या खात्यात होता. पुढे गाड्यांच्या कामात पडला. बोलण्यात अहिराणीचा ठसका. नव्या रंगाचा खर्च विचारला, तर त्याने उत्तर दिले नाही. खिशातून पांढरे फडके काढले, त्यावर थोडे कंपाउंड घेतले आणि डिकीच्या कडेला, सहसा नजर जाणार नाही अशा जागी वीतभर जागा घासली. फडके निळे झाले. घासलेल्या जागेवर शेडचे छप्पर दिसू लागले.

“काका, रंग अजून जिता से,” तो म्हणाला.

त्याच्या म्हणण्याचा अर्थ त्याने कामाच्या ओघात समजावला. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. घासले तर तो घासला जातो आणि फडके पांढरेच राहते. आमच्या गाडीवर असा थर नाही. चकाकणारा जो, तोच रंग. फडक्याला जे लागले, तो म्हणजे आमचीच गाडी. उन्हाने रंगातला चिकट अंश, ज्याने रंगद्रव्याचे कण एकमेकांस धरून राहतात, तो हळूहळू जळून जातो. मग वरचे कण सुटे होतात, पृष्ठ खडबडीत होते आणि त्यावर पडणारा प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी वाटेल तसा विखुरतो. आपल्याला वाटते रंग फिका पडला. वस्तुतः मेलेल्या कणांचा एक पडदा वर साचलेला असतो. तो अलगद काढला की खाली मूळ रंग जागाच असतो. तो मूळ रंग कसा होता, हे पाहायचे असेल तर डिकीच्या रबराखाली पाहावे. रबर उचलताच १९७८ सालचा तो निळा दिसला. पंचेचाळीसहून अधिक वर्षांत त्याला ऊन लागले नव्हते.

गाड्यांच्या रंगाचा इतिहासही गमतीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत, कारण तेलाचे रंग आणि वार्निश थरामागून थर सावकाश सुकत. १९२३ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा सेल्युलोजचा रंग आणला. तो तासांत सुके आणि फवारून मारता येई. ते नाव आपल्या कारागिरांनी इतके आपलेसे केले, की आज लाकडी कपाटाला फवाऱ्याने रंग दिला तरी त्याला ड्यूकोच म्हणतात. पण सुकण्याचा वेग वाढला तरी थराची जाडी वाढली नाही. गाडीवरचे सगळे थर मिळून ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. त्यात वरच्या रंगाचा वाटा आणखी कमी. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर तर तो सर्वांत पातळ. एवढ्याशा भांडवलावर गाडीने सारे आयुष्य काढायचे असते.

“कापडाचं बरं असतं,” रंगारी म्हणाला. पॉलिएस्टरच्या धाग्यात रंग शिरावा म्हणून तो दाबाखाली सुमारे १३० अंश तापलेल्या पाण्यात शिजवावा लागतो. पण एकदा शिरला की धागा आणि रंग वेगळे राहत नाहीत. पत्र्यात रंग शिरत नाही. तो नुसता वर बसतो आणि बसल्या जागी टिकून राहतो, तेवढेच त्याच्या हाती असते.

काम सहा दिवस चालले. पहिला दिवस धुण्यात आणि रॉकेलच्या बोळ्याने डांबराचे ठिपके काढण्यात गेला. गाडी उन्हात घ्यायची नाही, पत्रा हाताला गार लागला पाहिजे, हा दंडक. कोरड्या पडलेल्या टपावर आणि बॉनेटवर त्याने एक तेलकट मलम चोळून रात्रभर मुरू दिले. जिथे खोल डाग होते तेवढ्याच जागी दोन हजार नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून फिरवला. कडांवर चिकटपट्टी लावली. शेडमध्ये घासायचे विजेचे यंत्र होते. सपाट जागी त्याने ते हलक्या हाताने चालवले, वळणावर मात्र हातानेच काम केले. यंत्राला कड कळत नाही, बोटांना कळते. शेवटी ब्राझीलमधल्या ताडजातीच्या एका झाडाच्या पानांवरचे मेण. या मेणाने काही दुरुस्त होत नाही. झालेले काम ऊन-पावसापासून काही काळ राखले जाते, इतकेच.

चौथ्या दिवशी प्रश्न उभा राहिला तो मागच्या डाव्या दाराचा. दाराच्या मुठीखाली अर्धचंद्राकार बारीक ओरखड्यांचे जाळे होते. ते आईच्या पाटल्यांचे. तीस वर्षे ती त्याच दाराने चढली-उतरली. मूठ धरताना पाटल्या पत्र्याला घासत. रंगाऱ्याने नखाने खोली चाचपून पाहिली. ओरखडे काढायचे तर तिथला रंग त्यांच्या तळापर्यंत उतरवावा लागणार होता. “निघतील काका. पण मग इथं पुन्हा कधी हात लावता येणार नाही. खालचा प्रायमर दिसेल.” आणि मग सबंध गाडीविषयीही त्याने सांगून टाकले: आता केली तशी झिलई फार तर आणखी एकदा निभेल. त्यानंतर नवा रंग.

मी ओरखडे तसेच ठेवायला सांगितले. बॉनेटच्या दोन कोपऱ्यांतला फिकेपणाही पूर्ण न घालवता ठेवला. गाडी आरशासारखी करता आली असती. पण ती करताना पुढच्या पिढीच्या वाट्याचा रंग आपण आजच फडक्यावर काढून घेत आहोत, ही जाणीव मला स्वस्थ बसू देईना. आई आता नाही. तिच्या हाताची जी खूण उरली आहे, ती निळ्या रंगाच्या जाडीइतकीच खोल आहे.

परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा हिशेब अगदीच नवा नाही. आपली मराठीही अशीच मूळ रंगाची. तिच्यावर गुजरातीचे ओरखडे आहेत. पुण्याचे पाहुणे ते ऐकून हसतात. काही घरांनी ती खरवडून टाकली आणि दुसरा रंग चढवला, त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. काही घरे वर्षातून एकदा, गणेशोत्सवाच्या मंचावर, तिला कचकचून घासतात आणि उरलेले वर्ष उन्हात उभी ठेवतात. झिलईचे शास्त्र सांगते, की जोरकस घासणी क्वचित करावी, रोजची हलकी पुसणी मात्र चुकवू नये. रोज जेवताना बोललेली चार वाक्ये ही ती पुसणी.

सरकारने २०२१ साली पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. आमची गाडी २०२८ साली पन्नाशी गाठेल. पण त्या नोंदणीची गाडी मेळाव्यांना, प्रदर्शनांना न्यायची. रोजच्या वापराची तिला मुभा नाही. म्हणून आम्ही जुनीच नोंदणी वाढवत राहायचे ठरवले आहे. २०२२ पासून त्याचे शुल्क बरेच वाढले आहे, तरी ते भरू. भाजी आणायला जाणारी गाडीच आम्हाला हवी आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी भाऊ आला. गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर स्वतःचा चेहरा पाहिला आणि डाव्या दाराशी थांबला.

“हे राहिले की रे, दादा.”

“राहू दिले.”

त्याने मुठीखाली अंगठा फिरवला. “वरातीत मुलाला पुढे बसवू,” तो म्हणाला, “मागे, या बाजूला मी बसतो.”