महागड्या शहरातलं स्वस्त तिकीट

नॉर्थ पॉइंट, हाँगकाँग
रविवार

ती. बाबा,


फोनवर तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो ट्रामचा. चालते अजून. आमच्या खोलीच्या खालच्याच गल्लीतून चालते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि माझंही सांगणं अर्धवट राहतं, म्हणून आता लिहूनच पाठवणार आहे. आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

या गल्लीचं नाव चुन यंग स्ट्रीट. दोन्ही बाजूंना मासळी, भाजी, फळं, सुकवलेले शिंपले, आणि मधोमध रुळांची जोडी. दादरच्या भाजीगल्लीतून दुमजली ट्राम जाते अशी कल्पना करा. माणसं रुळांवरूनच चालतात, भाव करतात, पिशव्या खाली ठेवून गप्पा मारतात. ट्राम येते ती पायी चालणाऱ्याच्या वेगाने. ड्रायव्हर दोनदा घंटी देतो, माणसं हातभर सरकतात, ट्राम पुढे गेली की परत जागेवर येतात. कुणी कुणावर डाफरत नाही. त्या घंटीवरूनच इथले लोक ट्रामला ‘डिंग डिंग’ म्हणतात.

चढायचं मागच्या दाराने, उतरायचं पुढच्या. मागे फिरता दांडा आहे, तो ढकलून आत जायचं. पैसे उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे किंवा कार्ड टेकवायचं. तुम्ही विचाराल, उतरताना का? चढताना दारात कुणी सुटे पैसे शोधत उभं राहत नाही, गाडी थांब्यावर रेंगाळत नाही, आणि पैसे काढायला अख्खा प्रवास हाताशी असतो. भाडं अंतराप्रमाणे बदलत नाही, एक थांबा जा नाहीतर या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीन-साडेतीन हाँगकाँग डॉलर. आपले चाळीस रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. या शहरात साधा चहा त्याच्या कितीतरी पट महाग आहे.

तुमच्यासारखे कंडक्टर मात्र नाहीत. पूर्वी होते, १९७०च्या दशकात पेट्या आल्या आणि ते गेले. मला ते खटकलं. काल एक आजीबाई भाजीची ढकलगाडी घेऊन मागच्या दारात अडकल्या, तेव्हा प्रवाशांनीच ती उचलून आत घेतली. तुम्ही असता तर घंटीची दोरी धरून उभे राहिला असता, आणि त्या बसल्याशिवाय गाडी हलू दिली नसती. हे काम कुठल्याही पेटीला येत नाही, ते पगारी माणसाचंच काम आहे असं मला वाटतं.

ही ट्राम १९०४ साली सुरू झाली, पहिल्या दिवसापासून विजेवर. आपली विजेची ट्राम १९०७ची, म्हणजे दोघी बरोबरीच्याच. इथे दुमजली गाड्या १९१२मध्ये आल्या, मुंबईत १९२०मध्ये. आणि ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला जाणारी आपली शेवटची ट्राम बघायला आजोबा तुम्हाला खांद्यावर बसवून घेऊन गेले होते, ते तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंत! त्याच सुमाराला, साठच्या दशकाच्या मध्याला, इथे गर्दी मावेना म्हणून ट्रामच्या मागे आणखी एक डबा जोडायला लागले होते. रस्ते दोन्हीकडे अरुंद, माणसं दोन्हीकडे अमाप. एका शहराने ठरवलं की ट्राम वाटेत येते, दुसऱ्याने ठरवलं की माणसं वाहून न्यायची तर तिच्याशिवाय भागणार नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि तो पैशाचा नव्हता.

इथेही तिच्यावर वेळ आली होती. १९८५मध्ये याच रस्त्यांच्या खालून मेट्रो धावू लागली. २०१५ साली तर एका माजी नगररचनाकाराने सरकारदरबारी रीतसर मागणी केली की सेंट्रल भागातली ट्राम काढून टाका, तिच्यामुळे मोटारी तुंबतात. लोक खवळले. नियोजन मंडळाने ती मागणी फेटाळली.

अजून एक. रूळ घातले तेव्हा ते जवळजवळ समुद्राच्या काठाने घातले होते. नंतर भर टाकून टाकून समुद्र मागे ढकलला, नव्या जमिनीवर इमारती आल्या. आज ट्राममधून पाणी फारसं दिसत नाही, पण जुना किनारा कुठून कसा वळत होता ते तिच्या वाटेवरून कळतं. वरच्या मजल्यावर अगदी पुढची बाकं मिळाली तर शॉ की वानपासून केनेडी टाउनपर्यंत उतरूच नये.

तुमची,
शुभा


त्सिम शा त्सुई
बुधवार

ती. बाबा,

आज स्टार फेरीने पलीकडे आले. ही फेरी सुरू करणारा माणूस आपल्या मुंबईकडचा होता, हे तुम्हाला ठाऊक होतं का? दोराबजी नौरोजी मिठाईवाला. पारशी. इथे येऊन स्वयंपाकी म्हणून राबले, पुढे धंद्यात पडले आणि १८८८ साली कौलून फेरी कंपनी काढली. निवृत्त होताना त्यांनी ती विकली, आणि १८९८पासून तिचं नाव स्टार फेरी झालं. प्रत्येक बोटीच्या नावात ‘स्टार’ असतोच: मॉर्निंग स्टार ही पहिल्या बोटींतली. धक्क्यावर उभी राहून मी हे वाचत होते तेव्हा मला फार अभिमान वाटला. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसाला सुचलं की दोन काठांमध्ये रोजची, वेळेवर सुटणारी बोट हवी.

बोटीला पुढची-मागची बाजू नाही, दोन्ही टोकांना सुकाणूची खोली. त्यामुळे पलीकडे पोचल्यावर वळायला वेळ जात नाही, तशीच परत निघते. मग प्रवाशांची तोंडं उलटी नकोत म्हणून लाकडी बाकांची पाठ सरकवता येते. धक्क्याला लागताना निळ्या गणवेशातला खलाशी लांब आकड्याने दोर पकडतो आणि खुंटाला गुंडाळतो. माझ्या शेजारी शाळेचा पोरगा गृहपाठ करत होता. त्याने मान वर केली नाही, आणि मी मात्र डोळे भरून बघत होते.

दोन मजले, दोन दर. वरच्या मजल्याचा थोडा जास्त, खालच्याचा थोडा कमी. मी खालूनच आले. तिथे इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा वास आहे, पण पाणी अगदी जवळ.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती. १९६६ साली वरच्या वर्गाचं भाडं २० सेंटवरून २५ सेंट करायचं ठरलं. पाच सेंट. खालच्या वर्गाच्या भाड्याला हातही लावला नव्हता. तरी लोकांना कळलं की एकाने वाढवलं की मागोमाग सगळेच वाढवतील. एल्सी इलियट नावाच्या नगरसेविकेने विरोधात हजारो सह्या गोळा केल्या. एप्रिलच्या सुरुवातीला सो साउ-चुंग हा तरुण धक्क्यावर एकटाच उपोषणाला बसला. त्याच्या काळ्या अंगरख्यावर भाडेवाढीविरुद्धची अक्षरं रंगवलेली होती. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्याला उचललं, आणि कौलूनमध्ये काही रात्री दंगल पेटली. त्यात माणूस दगावला. भाडं शेवटी वाढलंच. पण त्यानंतर या शहरातल्या कुठल्याही सरकारला तिकिटाचा प्रश्न क्षुल्लक समजता आला नाही.

तुमच्या नोकरीच्या दिवसांत भाडं वाढलं की पहिल्या आठवड्यात लोक तुमच्यावरच ओरडायचे, आणि तुम्ही घरी येऊन म्हणायचात की त्यांचं काय चुकलं, रोज चार वेळा देणाऱ्यालाच ते लागतं. मला आज ते पटलं त्याहून जास्त पूर्वी कधी पटलं नव्हतं.

सेंट्रलकडचा जुना धक्का मात्र उरला नाही. २००६मध्ये समुद्रात आणखी भर टाकण्यासाठी तो आणि त्याचा घड्याळाचा मनोरा पाडला. शेवटच्या दिवशी लोकांनी गर्दी केली, पाडताना तरुण मुलांनी निदर्शनं केली. नवा धक्का जुन्या काळातला दिसावा म्हणून नटवलेला आहे, पण स्टेशनपासून चालणं वाढलं, आणि त्याचा प्रवाशांवर परिणाम झालाच. बोट राखली आणि तिच्यापर्यंतची वाट लांबवली, तर ते राखणं अर्धंच.

तुमची,
शुभा


सेंट्रल
शनिवार

ती. बाबा,

आईचे गुडघे आठवावेत अशी जागा आज बघितली. हाँगकाँग बेट म्हणजे डोंगर, आणि माणसं उतारावर राहतात. १९९३ साली सरकारने इथे रस्त्याच्या डोक्यावरून, छपराखालून, फिरत्या जिन्यांची रांग बांधली. सगळी मिळून ८०० मीटर लांब, आणि चढण १३५ मीटरची. फुकट. सकाळी सहा ते दहा ती खाली येते, कारण लोक कामाला उतरतात. नंतर मध्यरात्रीपर्यंत वर जाते. वाटेत शेली स्ट्रीटला जामिया मशीद लागते. तिची आताची इमारत १९१५ची, मुंबईच्या हाजी महंमद इसाक इलियास यांच्या देणगीतून उभी राहिलेली.

जिन्याला वाहतुकीचं साधन म्हणावं हेच मला आवडलं. बस सुरू होते तिथपर्यंत माणूस पोचणार कसा, हा प्रश्न आपल्याकडे प्रवाशाच्या माथी मारलेला असतो. इथे तो शहराने आपला मानला. पण सकाळी ज्याला वर जायचं असतं, म्हणजे डोंगरावरच्या घरांत धुणं-भांडी आणि स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका, त्या पायऱ्याच चढतात. आठ वाजता मी पाहिलं. खाली येणारा जिना भरलेला, आणि शेजारच्या दगडी पायऱ्यांवरून दोघी-तिघी धापा टाकत वर. बहुसंख्यांची सोय करताना नेमक्या याच बायका सुटल्या, आणि दुसरी रांग बांधायला जागा नाही हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

संध्याकाळी माँग कॉकहून लाल मिनीबसने फिरले. हिरव्या छपराच्या मिनीबस ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या भाड्यात जातात. लाल छपराच्यांना मार्गाची आणि भाड्याची मोकळीक असते. १९६७च्या संपांत मोठ्या बस बंद पडल्या तेव्हा विनापरवाना गाड्यांनीच माणसं नेली, आणि दोन वर्षांनी सरकारने त्यांना कायद्यात आणलं. उभं राहून जायची परवानगी नाही. १६ जागा होत्या, २०१७पासून १९पर्यंत चालतात. भाड्याची पाटी हाताने रंगवलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर वेगाचा आकडा सगळ्यांना दिसेल असा लावलेला. उतरायचं असलं की मोठ्याने ओरडून सांगायचं. मी ओरडले, आणि गाडी थांबली.

तुमची,
शुभा


नॉर्थ पॉइंट
मंगळवार रात्र

ती. बाबा,

तुम्ही विचारलंत, एवढं सगळं स्वस्तात चालवायला पैसा येतो कुठून. ट्राम आणि फेरी खाजगी कंपन्यांच्या आहेत, त्या कशाबशा तग धरतात. जाहिराती आणि भाड्याने दिलेले गाळे त्यांना हात देतात. मेट्रोचं वेगळं. १९७९मध्ये ती सुरू झाली, आणि सरकारने तिला स्टेशनांच्या आणि डेपोंच्या वरची जमीन विकसित करायचा हक्क दिला, रेल्वे येण्याआधीच्या किमतीला. रेल्वे आली की जमिनीचा भाव चढतो, आणि तो चढलेला भाव बिल्डरच्या खिशात न जाता बराचसा रुळांकडे येतो. कल्पना उत्तम आहे. पण मग जमीन महाग राहण्यातच रेल्वेचा फायदा होऊन बसतो. ज्या लोकांना स्टेशनावरच्या त्या मनोऱ्यांत खोली परवडत नाही ते खाली तिकीट काढतात. मुंबईत मेट्रोभोवती वाढीव चटईक्षेत्राची चर्चा होते तेव्हा ही दुसरी बाजू कुणी बोलत नाही, ती तुमच्या संघटनेतल्या जुन्या मित्रांना नक्की सांगा.

कार्ड एकच: ऑक्टोपस. १९९७पासूनचं. मेट्रो, बस, ट्राम, फेरी, दुकानातला पावसुद्धा. फिरत्या जिन्याशेजारी एक यंत्र आहे, चालत आलेल्याने त्यावर कार्ड टेकवलं की पुढच्या मेट्रो प्रवासात सूट. चालण्याला सवलत!

आणि म्हाताऱ्या माणसांसाठी दोन डॉलरचं भाडं. २०१२मध्ये ६५ वर्षांवरच्या रहिवाशांसाठी आणलं, २०२२मध्ये वय साठवर आणलं. लोकसंख्या म्हातारी होत चालली, खर्च फुगला, तेव्हा लांबच्या प्रवासांसाठी ते आवळायचं ठरवलं. मला वाईट वाटलं. आमच्या इमारतीतल्या एक आजी लेकीकडे जायला बेट ओलांडून पार पलीकडे, नव्या वसाहतीत जातात, दोन गाड्या बदलून. त्यांचा हा प्रवास लांबचाच. दोन डॉलर होते म्हणून त्या आठवड्यातून दोनदा जायच्या. आता एकदाच जाईन म्हणाल्या, एक बोट दाखवून.

तुमचा पास मिळाला का नव्या वर्षाचा? नसेल मिळाला तर डेपोत तुम्ही एकटे जाऊ नका, मी आले की दोघं जाऊ. आणि दुमजली गाडी कुठल्या मार्गावर सुरू आहे ते विचारून ठेवा, आईला वरच्या मजल्यावर बसवून नेऊ.

तुमची,
शुभा