उशाशी बसणाऱ्यांसाठी

मेंदूला जबर इजा होऊन माणूस शुद्धीवर येईनासा झाला की घरची माणसे आम्हां धर्मगुरूंना एकच प्रश्न विचारतात : "फादर, त्याला ऐकू येत असेल का हो?" आमच्या ताईनेही तोच विचारला. तिचे यजमान अपघातानंतर कित्येक महिने निपचित पडून होते. डोळे उघडत, मिटत. त्यांत ओळख मात्र नसे. इतरांना दिलेली सांत्वनाची वाक्ये सख्ख्या बहिणीपुढे आमच्या ओठी येईनात.

वैद्यकशास्त्र आज या प्रश्नापुढे अधिक नम्र झाले आहे. २००६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी अशाच अवस्थेतील एका तरुणीला 'टेनिस खेळत असल्याची कल्पना कर' असे सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूने निरोगी माणसासारखाच प्रतिसाद दिल्याचे तपासणीत दिसले. प्रत्येक रुग्णाचे असेच असते असे नव्हे. परंतु बाहेर काही न दिसणे म्हणजे आत काही नसणे नव्हे. म्हणून त्याला नावाने हाक मारावी, कूस बदलण्यापूर्वी तसे सांगावे, त्याच्यादेखत निराशेचे बोलू नये. माणूस या अवस्थेतही माणूसच असतो, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली निक्षून सांगितले. ख्रिस्तसभा बेशुद्ध रुग्णालाही पवित्र तेलाचा संस्कार देते, तो याच श्रद्धेने.

परंतु ही सेवा एकट्याने पेलण्याजोगी नसते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या; सेवा खंडली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालपत्रात त्यांचा गौरव केला. ती माया इतकी वर्षे टिकली, कारण ती अनेक हातांत वाटलेली होती.

ताईजवळ असे हात नव्हते. दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीने अन्न देणे, अंग पुसणे, रात्रीचे जागरण. पहिल्या महिन्यात घर पाहुण्यांनी भरले. पुढे उंबरा ओस पडला. रविवारची मिस्साही तिला अंतरली. अखेर शेजारच्या तीन भगिनींनी वार वाटून घेतले, तेव्हा पाच महिन्यांनी ती चर्चमध्ये आली आणि त्या दुपारी गाढ झोपली. यजमान शुद्धीवर न येताच देवाघरी गेले. पण ताई खचली नाही.

शुभवर्तमानातील पक्षाघाती माणूस स्वतः येशूकडे जाऊ शकत नव्हता. चौघांनी त्याला उचलले, छप्पर उघडून खाली सोडले. आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला. खाट उचलायला चौघे लागले, हे आपण विसरू नये.

आपल्या धर्मग्रामात असे एखादे घर असेल, तर 'काही लागले तर सांगा' एवढे म्हणून परतू नका. 'मंगळवारी दुपारी मी बसते, तुम्ही थोड्या पडा' असे म्हणा, आणि मंगळवारी जा.