अबूझमाडच्या वेशीवरचा मल्लखांब

रायपूरहून बस्तरकडे जाणारा रस्ता धमतरी, कांकेर मागे टाकून केशकालच्या घाटात शिरला की सालवृक्षांचे राज्य सुरू होते. कोंडागावाशी उजवीकडे वळून आम्ही नारायणपुरास पोहोचलो. येथून पुढे अबूझमाड! नावाचाच अर्थ न उमगलेला डोंगर. माडिया गोंडांच्या या मुलखाने नक्षलवादी आणि सरकारी दले यांच्या संघर्षाची अनेक दशके सोसली. कित्येक मुलांना घर, गाव, कधी आप्तही सोडून यावे लागले.

अशा गावी आम्हांस दिसला तो आपला मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी या विद्येस नवे रूप दिले. पुढे ती मराठी मंडळींबरोबर उत्तरेत रुजली. मध्य प्रदेशाने २०१३ साली तिला राज्यक्रीडेचा मान दिला. (आपल्याकडच्या किती व्यायामशाळांतून आज खांबाला एरंडेल लागते, हा प्रश्न येथे न काढलेलाच बरा.) नारायणपुरात मात्र छत्तीसगढ पोलीस दलातील एक जवान, मनोज प्रसाद, यांनी आदिवासी मुलांना हाताशी धरून अबूझमाड मल्लखांब अकादमी उभी केली. २०२३ साली 'इंडियाज गॉट टॅलेंट' या दूरदर्शन-स्पर्धेचे विजेतेपद याच मुलांनी मिळविले.

विजयाचे कौतुक आहेच. परंतु आमचे लक्ष खिळले ते सरावाकडे. साधी उडी, मग तेढी, बगली, फरारा. खांब गुळगुळीत, पकड मांड्यांची आणि काखेची. क्षणभर मन दुसरीकडे गेले की शरीर घसरलेच. भेदरलेल्या मुलाला 'भिऊ नकोस' असे सांगून काय होणार? येथे भीती बोटभर उंचीने कमी होते. आज मानेला हात लागला, उद्या बोंड गाठले, परवा त्यावर उभे राहिला. आणि खाली झेलायला कुणीतरी आहे, हा विश्वास रोजच्या रोज पारखून घेता येतो. ज्याच्या पायाखालची जमीनच एकदा सरकली, त्याला हा विश्वास शब्दांनी देता येत नाही. मनोऱ्यात तर एकाच्या खांद्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कालचे अनोळखी एकमेकांचा भार पेलतात.

तेरा-चौदा वर्षांच्या एका अबोल मुलाला आम्ही हिंदीत विचारले, गावाची आठवण येते का? खांबावर असताना येत नाही, उतरल्यावर येते, अशा अर्थाचे काहीसे तो पुटपुटला आणि पुन्हा हाताला तेल चोळू लागला.

त्याच्या त्या उत्तरात खेळाचे सामर्थ्य आहे, तशी मर्यादाही. दिवसाचे दोन-तीन तास मन थाऱ्यावर येते, भूक लागते, झोप लागते. हे थोडे नव्हे. पण उतरल्यानंतरच्या आठवणींचे काय? त्यासाठी गोंडी जाणणारे, घाई न करता ऐकणारे माणूस हवे, आणि पदक न मिळविणाऱ्या मुलासाठीही जागा हवी. दूरदर्शनवर झळकणारी मुले मोजकीच असतात; खांबाला बिलगून पहिलीच उडी घेणारी पुष्कळ. आम्ही निघालो तेव्हा त्यांतली एक चिमुरडी सातव्यांदा घसरली होती आणि रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली होती.