कायम निधी

नागपुरातील जुन्या सेवाभावी संस्थांच्या भिंतींवर संगमरवरी फलक आढळतात. दात्याचे नाव, कोणाच्या स्मरणार्थ, आणि शेवटी रक्कम : रुपये एक हजार एक. साहित्याचे अध्यापन करणारे आम्ही काहीजण गेली काही वर्षे एका वसतिगृहाच्या हिशेबाला हातभार लावतो. तेव्हापासून या फलकांवरील एक शब्द आम्हांस खुपू लागला आहे : ‘कायम’.

कायम निधीची रीत साधी. मुद्दल मोडायचे नाही. व्याजातून दात्याने नेमलेल्या तिथीस मुलांना गोडाचे जेवण द्यायचे. १९९०च्या दशकात बँका ठेवींवर दहा टक्के आणि बऱ्याचदा त्याहून अधिक व्याज देत, तेव्हा हजाराचे वर्षाला शंभर रुपये येत. आज सात टक्के धरले तर सत्तर. इकडे घरगुती गॅसच्या सिलिंडरने २०२२ साली हजाराचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी जुलैत वेष्टनबंद धान्य, डाळी व पिठावर पाच टक्के जीएसटी लागला. सत्तर रुपयांत किलोभर तूरडाळही येत नाही. तरी तिथी येते, वचन पाळले जाते. त्याचा खर्च मात्र दुसऱ्याच कोणाच्या देणगीतून भागवावा लागतो.

नव्या देणग्या येतच नाहीत असे नाही. त्या येतात खोलीसाठी, वाहनासाठी, संगणकासाठी. ज्यावर नाव घालता येते त्यासाठी. वीजबिलावर आणि स्वयंपाकीणबाईंच्या पगारावर नाव कोठे कोरणार? त्यात २०२३-२४ पासून, करदात्याने वेगळा पर्याय न निवडल्यास लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत, ८०जीखालील देणगीची वजावट नाही. अखेर काटकसर पगारावर येऊन थांबते. ‘सेवाभाव’ हा शब्द अशा वेळी व्यवस्थापनाला फार सोयीचा ठरतो. ज्यांनी तो दाखवावा अशी अपेक्षा असते, त्यांच्या घरीही त्याच भावाचे सिलिंडर येते.

१९२१ साली नागपुरात मातृ सेवा संघ उभारणाऱ्या कमलाताई होस्पेट स्वतः प्रशिक्षित परिचारिका होत्या. सेवा हे शिकून करावयाचे काम आहे, हे त्या संस्थेच्या जन्मातच आहे. तिकडे साताऱ्याकडे भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड चालवला : घरोघरच्या बायकांनी मूठभर धान्य वसतिगृहातील मुलांसाठी बाजूला काढायचे. धान्य कितीही महागले तरी मुठीत तेवढेच मावते, आणि त्यातून तेवढीच भाकरी होते. रुपयाला ही सोय नाही.

ती पद्धत आजच्या शहरात जशीच्या तशी आणता येणार नाही. पण तिच्यातला हिशेब घेता येईल. जुन्या दात्यांच्या वारसांना पत्रे लिहावीत, आणि आजोबांच्या रकमेत भर घाला असे न म्हणता, आजोबांनी योजलेल्या जेवणाला यंदा किती खर्च आला एवढेच कळवावे, असे आम्ही सुचवले. तशी पत्रे गेली. काही वारसांनी यंदाचे जेवण मनापासून पत्करले. आणखी एका पत्रात आम्ही स्वयंपाकघरातील एका महिन्याच्या वेतनाचा आकडा दिला होता. त्याला अजून कोणाचे उत्तर आलेले नाही.