बिअरवाला महापौर

२००३ च्या एप्रिल-मे मध्ये मी डेन्व्हरला ऑनसाइट होतो. क्लायंटचं हापिस डाउनटाउनमध्ये, आणि तिथलं पार्किंग म्हणजे रोजच्या पगारातून होणारी वजावट. त्यामुळे टीव्हीवरची एक जाहिरात लागली की रिमोट खाली ठेवून बघायचो. पन्नाशीचा, जरासा गबाळा, कुठूनही पुढारी न वाटणारा एक माणूस कमरेला नाण्यांची नळकांडी अडकवून रस्त्याने चाललाय (आपल्या जुन्या कंडक्टरची आठवण यावी असा थाट), आणि लोकांच्या पार्किंग मीटरमध्ये नाणी टाकतोय. पालिकेने मीटरचे दर वाढवले होते, त्याचा हा निषेध. इंग्रजीत 'चेंज' म्हणजे सुट्टे पैसे आणि बदलही. एवढ्या एका कोटीवर त्याने अख्खा प्रचार ओढून नेला म्हटलं तरी चालेल. माणसाचं नाव जॉन हिकेनलूपर. "हे आडनाव घेऊन निवडून यायचंय याला?" असं आमचा रूममेट म्हणाला होता.

आम्ही त्याला आधीपासून ओळखत होतो, म्हणजे त्याच्या बिअरला. शुक्रवारी संध्याकाळी टीम जायची ती त्याच्याच विंकूप ब्रुइंग कंपनीत, वरच्या मजल्यावर पूल खेळायला.

हा माणूस मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. कोलोरॅडोत आला तो तेलकंपनीच्या नोकरीसाठी. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि १९८६ मध्ये त्याची नोकरी गेली. (मंदीत बेंचवर बसलेल्यांनी इथे एक उसासा टाकावा.) दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याने काही भागीदारांबरोबर एका जुन्या गोदामवजा इमारतीत ब्रूपब काढला. तो भाग आज लोडो म्हणून झगमगतो, तेव्हा संध्याकाळनंतर तिकडे कोणी फिरकत नसे. शहराचीच उतरती कळा होती. १९९० च्या जनगणनेत डेन्व्हरची लोकसंख्या ४ लाख ६७ हजार, म्हणजे १९७० पेक्षाही कमी. मग चाक फिरलं. १९९५ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला, त्याच वर्षी त्याच्या पबपासून चालत जाण्याच्या अंतरावर बेसबॉलचं स्टेडियम आलं, आणि २००० पर्यंत आकडा ५ लाख ५४ हजारांवर गेला. २०२० मध्ये तो ७ लाख १५ हजार होता.

म्हणजे हा वाढत्या शहरावर मोठा झालेला धंदेवाईक. शहर वाढलं तर त्याचं गिऱ्हाईक वाढणार, हे उघड आहे. पण त्याने पैसा लावला तेव्हा शहर वाढत नव्हतं, हेही तितकंच खरं. मला वाटतं, लोकांच्या मनात त्याच्याबद्दल जे होतं ते यातून आलेलं. त्यात स्टेडियमचं 'माइल हाय' हे नाव कंपनीला विकू नका म्हणून तो आधीच भांडलेला होता. ते नाव अर्धंमुर्धं टिकलं, पण हा मात्र सगळ्यांना माहीत झाला.

त्याआधी त्याने एकही निवडणूक लढवलेली नव्हती. तिथे महापौर थेट लोक निवडतात, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, आणि कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. ३ जून २००३ च्या दुसऱ्या फेरीत त्याने शहराच्या ऑडिटरला, डॉन मारेसना, जवळजवळ ६५ टक्के मतं घेऊन हरवलं. आणि तिथला महापौर म्हणजे नुसता हार घालून घ्यायचा माणूस नव्हे. बजेट तो मांडतो, खात्यांचे प्रमुख तो नेमतो. आपल्याकडे ते काम आयुक्त करतात. आपला महापौर नगरसेवक आपसात निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी.

पुढे काय झालं? बरंच झालं आणि काही नाही झालं. हातात पडलेली बजेटमधली तूट त्याने भरून काढली. २००४ मध्ये आजूबाजूच्या गावांच्या महापौरांना बरोबर घेऊन रेल्वेसाठी विक्रीकर वाढवायला लोकांकडून होकार मिळवला. स्वतःवर कर लावून घ्या असं सांगून मतं मागायची, हे मला अजूनही नवल वाटतं. त्यातून विमानतळापर्यंतची गाडी २०१६ मध्ये धावली, पण बोल्डरकडची मात्र अर्ध्यावर अडकली. रस्त्यावर राहणाऱ्यांचा प्रश्न दहा वर्षांत संपवायची योजना २००५ मध्ये आली. प्रश्न संपला नाही. २००६ च्या डिसेंबरात बर्फ कोसळला तेव्हा गल्लीबोळातला बर्फ कित्येक दिवस निघेना, आणि हॉटेल उत्तम चालवणाऱ्या महापौराला लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या. तरी २००७ मध्ये तोच प्रचंड बहुमताने परत आला. नंतर गव्हर्नर, २०२१ पासून सिनेटर. असो.

ही सगळी गोष्ट मी २०१६ मध्ये एका शाळेतल्या मित्राला रंगवून सांगितली. पुण्याजवळच्या एका भराभर वाढणाऱ्या गावात, आता शहरच म्हणायचं, त्याचं नाश्त्याचं हॉटेल आहे. समोरचं ड्रेनेज दर पावसाळ्यात दारापर्यंत येतं. पोरं म्हणत होती, "दादा, तुम्हीच उभे राहा." तो खरोखरच विचार करत होता. मी अर्थातच चढवत होतो.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "त्या तुझ्या महापौराच्या हॉटेलाचं लायसन्स कोण देतं रे?"

च्यायला. तेरा वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. दारूची लायसन्सं देणारं खातं पालिकेचंच, आणि त्याचा प्रमुख नेमणार महापौर. म्हणून त्याने आपला हॉटेलांमधला हिस्सा ब्लाइंड ट्रस्टमध्ये टाकला होता. हे सांगितल्यावर मित्र हसला. "मी गल्ल्यावर बसलो नाही तर गल्लाच नाही. ट्रस्टमध्ये काय टाकू, मिसळीचा टोप?"

थट्टा सोडा, पण गाडी तिथेच अडते. डेन्व्हरवाल्याकडे एकाहून जास्त हॉटेलं होती, ती सांभाळायला मॅनेजर होते. एकट्याच्या जिवावर दुकान चालवणाऱ्याला प्रचाराचा महिनाही परवडत नाही. वर आरोग्य, फायर, अतिक्रमण ही सगळी खाती त्याच्या दाराशी येऊ शकतात, आणि हरल्यावर तर नक्कीच येतील अशी वहिनींना धास्ती. त्यात चार-चार नगरसेवकांचे भलेमोठे प्रभाग. म्हणून आपल्याकडे उभा राहणारा 'स्थानिक व्यावसायिक' बहुतेक वेळा बिल्डर किंवा ठेकेदार असतो. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्याला नगरसेवक होता येत नाही असा कायदा आहेच. मग कंत्राट मेव्हण्याच्या नावावर असतं.

मित्र उभा राहिला नाही. मात्र सोमवारी अकराच्या सुमारास, नाश्त्याची गर्दी ओसरली की, तो वॉर्ड ऑफिसात जातो आणि ड्रेनेजच्या टेंडरची माहिती मागतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. ते गल्ल्यातूनच घेतो.